आपल्या घरी आलेली हेल्मी

फिनलंड, तळ्याकाठचं घर
११ फेब्रुवारी २०२४

आदरणीय बाबा,

सप्रेम जय भीम. वि. वि.

स्टील प्लांटमधल्या फर्नेसच्या आवाजानं तुमचे कान गेले, फोनवर आपलं बोलणं होत नाही, म्हणून कागदावर मराठीत लिहून त्याचा फोटो आईच्या मोबाईलवर पाठवायचा, हा तुमचा नियम मी सहा महिने पाळून राहिली आहे. शुद्धलेखनाले हसू नका. आज तर अक्षरही वाकडं येऊन राहिलं आहे.

इथल्या घरच्या मार्याकाकू माझे फार लाड करतात. केस विंचरून देतात, उकडलेले बटाटे तिखटाशिवाय मले जात नाहीत म्हणून कुठून तरी लाल मिरची आणतात. शाळेच्या एक्स्चेंजमधी वर्षभर त्यांची हेल्मी आपल्या रुआबांध्याच्या घरी राहील अन् मी तिच्या खोलीत, हे ठरलेलंच होतं. पण इतक्या दिवसांत काकूंनी तिचं नाव एकदाही काढलं नाही. भिंतीवरचे तिचे फोटो तेरा वर्षांच्या वयापाशी थांबतात.

काल काकूंनी मले तळ्यावर नेलं. पाणी असं गोठलं आहे की त्यावरून गाड्या जातात. काठावर एका झाडाखाली त्यांनी हातानं बर्फ बाजूले केला. खाली काळा दगड निघाला. दगडावर हेल्मीचं नाव अन् दोन सालं, २००७ अन् २०२०. काकूंनी मेणबत्ती लावली अन् सांगितलं की ही माझी मुलगी. तुम्हाले दोन मुली होत्या का, असं मी विचारलं. एकच होती, म्हणाल्या.

बाबा, मग आपल्या घरी कोण आहे?

आईले हे सांभाळून सांगा. तुमची माया इथवर पोचते, ती पोचत राहू द्या.

तुमची
प्रेरणा


रुआबांधा, भिलाई
१३ फेब्रुवारी २०२४

चि. प्रेरणा हिस अनेक आशीर्वाद अन् जय भीम.

तुझी चिठ्ठी वाचली. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब तू परत आल्यावर करू.

आपल्या घरी जी आहे ती आत्ता अंगणात तुझ्या आईसंग वाटाणे सोलून राहिली आहे. अर्धे सोलते, अर्धे खाते. मी तिचा पासपोर्ट मागून पाहिला. नाव हेल्मी, जन्म २००७, फोटो तिचाच. मी कशाले पाहून राहिलो ते तिनं विचारलं नाही. जसं तिले माहीतच होतं.

आपण भूतखेत मानणारे लोक नाही. चौतीस वर्षं शिफ्टच्या रजिस्टरमधी मी डोळ्यानं पाहिलं तेवढंच लिहिलं. तूही अंदाज लावू नको, तिच्या बापाले सरळ विचार. अन् त्या घरी भीती वाटत असेल तर कोऑर्डिनेटरले सांगून दुसरं घर घे. कमीपणा मानू नको.

एक गोष्ट मात्र तुह्यापासून लपवत नाही. पोरीचे हात फार थंडे असतात. तुझ्या आईनं थर्मामीटर लावलं तर पारा पंच्याण्णवच्या वर जाईना. शेजारच्या नीतूकडून दुसरं आणलं, त्यानंही पंच्याण्णवच दाखवलं. डॉक्टर म्हणतात थायरॉईड असेल. पोरगी म्हणते, माझं असंच असते.

जेवण टाळू नको. लोभ आहे, तो दूर असल्यानं कमी होत नाही.

तुझे बाबा
चंपत


फिनलंड
३ मार्च २०२४

आदरणीय बाबा,

सप्रेम जय भीम. वि. वि.

काकाले विचारलं. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेले थांबवली अन् काचेतून समोर पाहत सगळं सांगितलं.

चार वर्षांआधी, मार्चमधी, वरून पक्का दिसणारा तळ्यावरचा बर्फ फुटला अन् हेल्मी आत गेली. काठावर काकू एकट्या होत्या. माणसं येऊन तिले काढेपर्यंत चाळीस मिनिटं झाली. श्वास नव्हता. पण पाणी इतकं थंड होतं की दवाखान्यात तिचं काळीज पुन्हा चालू झालं. असं कधी कधी होते, डॉक्टर म्हणाले. महिन्याभरानं ती चालत घरी आली.

काकूंनी अकरा दिवस तिच्याकडे नुसतं पाहिलं. बाराव्या दिवशी काकाले सांगितलं की आपली मुलगी पाण्यात राहिली, ही दुसरीच कोणी आहे. मग तो दगड बसवला. काकांनी डॉक्टर केले, समजावलं, भांडले. काही फरक पडला नाही. शेवटी पोरगी एक वर्ष तरी कोणाच्या घरात नीट राहावी म्हणून एक्स्चेंजचा फॉर्म त्यांनीच भरला.

आता जे लिहिते ते आईले वाचून दाखवू नका. काकू मले हेल्मीचे कपडे देतात. मापात बसतात. परवापासून मले हेल्मी म्हणून हाक मारतात. काल मी भांडी पुसत होती, मागून हाक आली अन् मी ओ दिली. देऊन झाल्यावर मले कळलं. प्रेरणा हे नाव मी मग मोरीत जाऊन चार वेळा मोठ्यानं म्हटलं.

घर बदलत नाही. काका एकटे पडतील. मले रागवा, पण माया कमी करू नका.

तुमची
प्रेरणा


रुआबांधा, भिलाई
१६ एप्रिल २०२४

चि. प्रेरणा हिस आशीर्वाद अन् जय भीम.

परवा भीमजयंती झाली. कॅम्प-१ ची रॅली तुले माहीतच आहे. बेचाळीस डिग्रीत पोरगी स्वेटर घालून चार तास चालली, कपाळावर घामाचा थेंब नाही. रत्नमाला आत्यानं तिले निळा फेटा बांधला, तेव्हा खूप हसली. घरी आल्यावर मात्र अंगणात एकटीच जाऊन बसली. मी तुझ्या चिठ्ठ्या तिच्यापासून लपवल्या होत्या, ते मले बरं वाटत नव्हतं. मी जवळ बसलो अन् सगळं सांगितलं. माझ्या कानामुळं ती वहीत लिहून बोलते. तिनं जे लिहिलं ते असं की, आई खरंही म्हणत असेल. पाण्याआधीचं तिले स्वतःचं काहीच आठवत नाही, लोकांनी सांगितलं तेवढंच माहीत आहे. मी कोण, हे मलेही ठाऊक नाही, असं तिनं लिहिलं. वही परत घेऊन ते मी दोनदा वाचलं.

तुझी आई म्हणते तिले इथंच ठेवा. तसं होत नाही. तिचं तिकीट ८ जूनचं आहे. खालचा मजकूर तू काकूले इंग्रजीत वाचून दाखव.

ताई, मी प्रेरणाचा बाप. तुमच्या घरून आलेली मुलगी आठ महिने माझ्या घरी आहे. ती कोण आहे हे मी सांगू शकत नाही, कारण पाण्यात पडायच्या आधी मी तिले पाहिलं नव्हतं. तुम्ही पाहिलं होतं. पण चार वर्षांत तुम्ही तिले काहीच विचारलं नाही, असं ती सांगते. ती आली की एकदा तिलेच विचारा. अन् माझी मुलगी प्रेरणा आहे, तिले त्याच नावानं हाक मारा.

आमची काळजी करू नको. तुझ्यावरचा लोभ आहे तसाच आहे.

तुझे बाबा
चंपत


फिनलंड
१० जून २०२४

आदरणीय बाबा,

सप्रेम जय भीम. वि. वि.

तुमचा मजकूर वाचला तेव्हा काकू माझ्याकडे पाठ करून भांडी धूत होत्या. त्या दिवसापासून मले प्रेरणाच म्हणू लागल्या.

हेल्मी काल दुपारी पोचली. आठ दिवसांत इथं पाऊस नाही, बर्फ तर कधीच गेला, लख्ख ऊन पडलं होतं. काका सामान काढत होते. काकू दारात उभ्या होत्या, दोन्ही हात चौकटीले लावून. त्यांनी तिथूनच विचारलं की तुले काय आठवते. त्यांची भाषा आता मले एवढी समजते. हेल्मी म्हणाली की खाली खूप शांत होतं, अन् वरून कोणी तरी माझं नाव घेऊन राहिलं होतं, एकसारखं, आवाज बसेपर्यंत.

काकू काठावर एकट्या होत्या. अशा हाका मारल्याचं त्यांनी कोणालेच सांगितलं नव्हतं, मलेही नाही, असं काका नंतर म्हणाले.

त्यांनी चौकटीवरचे हात काढले. हेल्मीनं बूट-मोजे दारात काढले अन् आत गेली. तिच्या मागे कोरड्या लाकडी जमिनीवर ओल्या पावलांचे ठसे उमटत गेले, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत. काकांनी पाहिले, मी पाहिले. मी एकाले बोट लावलं. पाणी बर्फासारखं थंड होतं अन् त्याले तळ्याचा वास होता.

काकूंनीही पाहिले. त्या फडकं घेऊन आल्या, गुडघ्यावर बसल्या अन् एकेक ठसा पुसत पुसत टेबलापर्यंत गेल्या. मग उठल्या, हात धुतले अन् तिच्या ताटात बटाटे वाढले.

मी तेरा तारखेले निघते. तुमची अन् आईची माया माझ्यावर राहू द्या. तिच्यावरही राहू द्या.

तुमची
प्रेरणा