हार्लनच्या बंद घराचा नळ

लेक एल्सबी, मिनेसोटा
जानेवारी (तारीख कॅलेंडरवर आहे, पण चष्मा गोठलाय)

प्रिय हार्लन,

गोठलेल्या बोटांचा सप्रेम नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? ॲरिझोनाच्या उन्हात गुडघे मोकळे झाले असतील अशी आशा करतो. कॅरल लेक म्हणून तुला जपत असेलच. (जावईबापू अजून प्रत्येक जेवणात ॲव्होकाडो घालतात का? भोग बाबा आपल्या कर्माची फळं.) माझी तब्येत झकास आहे. डॉक्टर तसं म्हणत नाही, पण त्याला विचारतंय कोण?

तू गावाची मॅनेजरकी सोडून गेलास आणि मी नुसता नावाचा नगराध्यक्ष उरलो. आधीही नावाचाच होतो म्हणा. फिती कापायच्या, मिरवणुकीत उघड्या मोटारीतून हात हलवायचा, सभेत हातोडी आपटायची, आणि चर्चच्या पंगतीत तो लुटफिस्क नावाचा थुलथुलीत मासा हसतमुखाने गिळायचा, एवढंच आपलं काम. रस्ते, पाणी, गटारं, माणसं, सगळं मॅनेजरच्या हातात. नगराध्यक्षाने कामगाराला परस्पर हुकूम सोडायचा नाही, हा नियम तू मला इतका घोकवलास की मी तो झोपेतही बडबडतो. पण तेव्हा मजा होती रे! डॉटीच्या हॉटेलात पॅनकेक खाताना मी म्हणायचो, चर्चसमोरचा खड्डा बुजव. तू म्हणायचास, अरविड, तू आपल्या फिती काप. मग आपण तोंडं फुगवून कॉफी प्यायचो, आणि दुसऱ्या दिवशी खड्डा बुजलेला असायचा. आता मी त्याच टेबलाशी बसतो आणि समोरच्या खुर्चीवर माझी टोपी ठेवतो, म्हणजे तिथे कुणी टपकायला नको.

तुझ्या जागी आलेल्या कोवाल्स्की बाई हुशार आहेत, कामसू आहेत, वेळेवर येतात. हीच तर पंचाईत! त्या भांडतच नाहीत. मी खड्डा म्हटलं की त्या म्हणतात, "सूचनेबद्दल आभारी आहे." आता आभार मानणाऱ्या बाईशी माणूस भांडणार कसा?

तर मंगळवारची गंमत ऐक. रात्रभर बर्फ पडलं होतं. मी सकाळी फावडं घेऊन तुझ्या दारातली वाट साफ केली. (दर वेळी करतो. बंद घर बंद दिसू नये. आणि तुझी आयरीन आज असती तर तिने मला त्या पायरीवर गरम कॉफी दिली असती, हे आठवत उभं राहायला ती जागा बरी आहे.) शेवटचं फावडं मारतोय तोच आपला ड्वेन बर्फ सारायची नांगराची गाडी घेऊन रस्त्याने आला आणि सगळा ढीग परत तुझ्या फाटकात! मी गाडीला आडवा उभा राहिलो, म्हटलं, पातं उचल आणि हा ढीग बाजूला घे. ड्वेन खिडकीतून म्हणाला, "साहेब, तुमचं मी ऐकलं तर माझी नोकरी जाईल. बाईंना सांगा." मी तिथूनच बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, सूचनेबद्दल आभारी आहे, मी ड्वेनला कळवते. लगेच माझ्या नाकासमोर ड्वेनचा फोन वाजला. तो म्हणाला, "हो बाई, नगराध्यक्ष इथेच उभे आहेत. हो, थंडीने निळे पडलेत." मग त्याने मला विचारलं, ढीग डावीकडे की उजवीकडे? मी तोंड उघडलं तर म्हणाला, "मला नको, बाईंना सांगा!" लोकशाही आहे बाबा, गोठून मेलो तरी रीतसर मरू.

शेवटी बाई स्वतःच गमबूट घालून आल्या. ढीग हलला, पण त्यांच्या तीक्ष्ण कानांना तुझ्या स्वयंपाकघरातला नळ ऐकू आला. पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून मी तो बारीक धारेवर सोडून ठेवलाय. (तू दिलेली किल्ली माझ्याकडेच आहे.) बाई म्हणाल्या, घरमालक परतणार नसेल तर पाणी रस्त्यातल्या वाहिनीपाशीच तोडायचं, असा नियम आहे. मी उसळलो, कुठल्या गाढवाने केला हा नियम? त्यांनी शांतपणे सांगितलं, हार्लन साहेबांनी. घ्या! आता महिनाअखेर त्यांना मालकाचं उत्तर हवं आहे. येणार असेल तर नळ चालू, नाहीतर बंद.

बाकी क्षेम. हे पत्र फक्त तुझी खुशाली विचारायला लिहिलं, काम काही नाही. कॅरलला आणि नातवंडांना आशीर्वाद.

तुझा,
अरविड स्कोगस्टाड

ता. क. घर विकायचा विचार आहे असं कॅरलने डॉटीला कळवलंय म्हणे. डॉटीला काय, बोलायला विषय हवा. मी विश्वास ठेवला नाही. दोन रात्री झोप नाही, ती थंडीमुळे.

ता. क. बाईंबद्दल वर जे लिहिलं ते मनावर घेऊ नकोस. परवा त्यांनी मला घरी बोलावून सूप पाजलं. बाई चांगल्या आहेत. पण त्या तू नाहीस, त्याला त्या तरी काय करणार?

ता. क. सूप वाढता वाढता त्यांनी विचारलं, हार्लन साहेब नक्की येणार आहेत ना? मी म्हटलं, हो, बर्फ वितळलं की. गावाच्या वतीने बोलायचा अधिकार नगराध्यक्षाला आहे, तेवढा एकच आहे, आणि इतक्या वर्षांत तो मी पहिल्यांदा मनापासून वापरला. नळ चालू ठेवलाय. ये रे.