रुळाकडची खोली कोणाला

या कामासाठी घरात आलेल्या वस्तू अशा. रेघांचे जाड कागद, बाराला. निळ्या शाईचे पेन, पाचला. जुने पेन चालत होते, पण वकीलसाहेब म्हणाले की मधेच शाई बदलली तर पुढे कोणी शंका काढतो. डॉक्टरांचा दाखला, की माझे डोके ठिकाणावर आहे, दोनशेला. तो सर्वांत महाग पडला, आणि तेवढे तर मीच फुकट सांगितले असते. साक्षीदारांसाठी बिस्किटांचा पुडा, दहाला.

तर देवाला स्मरून, खाली सही करणारी मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घर सांभाळणे, लिहून ठेवते की पुढील मजकूर माझ्या हातचा आणि माझ्या मनचा आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. कोणी लाडीगोडीही लावलेली नाही. लावली असती तर जरा बरे वाटले असते. शरीर थकले आहे, आता कशाची हौस उरलेली नाही. फक्त एक उत्तर यायचे आहे, त्याचा खुलासा चौथ्या कलमात होईल. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. बँकेतील ठेव मुलगा आणि मुलगी यांनी निम्मी निम्मी घ्यावी. आधी दवाखान्याचे बिल भागवावे. माझ्या मागे जेवणावळी घालू नयेत. प्रार्थना म्हणावी, तिला खर्च नाही आणि ती पोचते.

कलम २. शिवणयंत्र मुलीला. त्याला तेल घालायला ती विसरते, ते विसरू नये. पितळी डबे सुनेला. घासायचा तिला कंटाळा आहे हे मला ठाऊक आहे, तरी तिलाच. माझी इस्त्री थोरल्या दिरांकडे आहे. "उद्या आणून देतो," असे म्हणून नेली, त्या गोष्टीला आता जमाना झाला. ती त्यांनाच दिली असे समजावे, म्हणजे मला मागायला नको आणि त्यांना तोंड चुकवायला नको.

कलम ३. राहते घर माझ्या यजमानांनी माझ्या नावावर घेतले. ते मुलगा आणि मुलगी यांना समान मिळावे. मात्र कलम ४ मधला हक्क संपेपर्यंत विकू नये.

कलम ४. घराच्या मागची, रुळाकडची खोली, तिला लागून असलेली मोरी आणि मागचे अंगण, यांत राहण्याचा हक्क माझ्या धाकट्या भावाला त्याच्या हयातीपर्यंत देते. तो मालगाडीवरचा निवृत्त गार्ड आहे. घरात त्याला भोंग्या म्हणत, कारण बोलायला लागायच्या आधी तो इंजिनासारखी शिटी मारायला लागला. सध्या तो परगावी मुलाकडे असतो आणि काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत झोपतो, असे कळते.

इथवर वाचून वकीलसाहेब म्हणाले, "बाई, एवढं पुरे. मृत्युपत्रात आठवणी लिहीत नाहीत."

मी म्हटले, "मग हा हक्क कुठून आला, हे माझ्या मुलाला कोण सांगणार? तुम्ही?"

त्यांनी कागद परत माझ्यापुढे सरकवला. म्हणून लिहिते.

आमचे वडील रेल्वेच्या फाटकावर होते. फाटकाला लागून एक खोली, तिच्यात आम्ही चौघे. खेळणी नव्हती, गाड्या होत्या. शाळेतून आलो की मी आणि भोंग्या कुंपणाला आडव्या लावलेल्या जुन्या रुळावर बसायचो. लांबची गाडी दिसण्याआधी कानाला कळायची. तो म्हणायचा, "ताई, माल." मी म्हणायचे, "नाही, पॅसेंजर." ज्याचे चुकेल त्याने संध्याकाळचे पाणी भरायचे. बहुतेक वेळा पाणी मीच भरले. डब्यांवरचे आकडे गाडी चालू असतानाच तोंडी मिळवायचे, ही माझी बाजू. त्यात तो कच्चा होता. बोटे मोजीपर्यंत चार डबे पुढे गेलेले असायचे. पुढे मॅट्रिकला गणितात मला चांगले गुण पडले ते गुरुजींमुळे नव्हे, मालगाड्यांमुळे. आजही वाण्याची बेरीज तो पेन उचलेपर्यंत माझी झालेली असते.

रात्रीच्या मेलला जेवणाचा डबा असे. दिव्याखाली पांढरी कापडे, त्यावर काचेचे पेले, आणि पेल्यांपलीकडे माणसे हसताना. भोंग्या म्हणायचा, "मी त्यात बसणार." मला तसे कधी वाटले नाही. आपल्या समोरून खूप काही जाते, ते सगळे आपले नसते, आणि पाहिल्याचे समाधानही काही कमी नसते, हे मी तिथे शिकले. संसार काढायला त्याचा फार उपयोग झाला.

दुसरी गोष्ट वडिलांनी शिकवली. गाडी संपली असे वाटून आम्ही उठायला लागलो की ते ओरडायचे, "बसा खाली! शेवटचा डबा दिसला का?" शेवटच्या डब्याला मागे लाल दिवा असतो. तो दिसला नाही तर गाडी मधेच तुटली आहे आणि उरलेली अजून रुळावर उभी आहे, असे समजायचे. तोपर्यंत फाटक उघडायचे नाही, लोक कितीही शिव्या देवोत. पुष्कळ शिव्या दिल्या लोकांनी. वडिलांनी फाटक उघडले नाही.

भोंग्या गार्ड झाला, म्हणजे त्याच शेवटच्या डब्यात उभा राहणारा. माझे लग्न होऊन मी या घरी आले. मागच्या भिंतीपलीकडूनच त्याची मालगाडी जायची. तो हिरवे निशाण हलवायचा, मी अंगणातून पिवळे फडके. यजमान थट्टा करायचे, "भाऊबहिणीची भेट झाली, आता आम्हाला चहा मिळेल का?"

यजमान गेले तेव्हा तो आला नाही. ड्यूटीवर होता, बदली माणूस मिळाला नाही. नंतर फोन केला त्याने. मी म्हटले, "गाडी वेळेवर पोचली ना तुझी? मग झालं." हे मी बोलले आणि आजही मला ते चुकीचे वाटत नाही. बहिणीचे कुंकू पुसले जाते त्या दिवशी भावाने यावे. पण राग चुलीवर दुधासारखा असतो, वर येतो आणि बसतो. महिन्याभरात बसला. मग मी रोज त्याच्या गाडीच्या वेळेला फडके घेऊन अंगणात उभी राहू लागले. त्याची गाडी आली नाही. पॅसेंजर गेल्या, मेल गेली, माल नाही. मी समजले, आपले तोंड दिसू नये म्हणून ड्यूटी बदलून घेतली. काही दिवसांनी फडके पोतेऱ्याला लावले.

तोही गप्प, मीही गप्प. बारा वर्षे गेली. गेल्या वर्षी एका लग्नात माझ्या मुलीने त्याला गाठले. तो तिला म्हणाला, "तुझ्या आईला चार पायऱ्या चढवल्या नाहीत, एवढा राग!"

मुलीने घरी येऊन विचारले, "आई, कसल्या पायऱ्या?"

मलाही कळेना. मग मी स्टेशनावर जाऊन तिथल्या जुन्या सांधेवाल्याला, म्हणजे रुळांचे सांधे बदलणाऱ्याला, विचारले की भावाची मालगाडी तेव्हा येईनाशी का झाली. तो हसायला लागला. "मावशी, मालगाड्या केव्हाच पलीकडच्या नव्या लायनीवर गेल्या की! गोदामांच्या मागनं. तुमच्या अंगणातनं काय दिसणार? गच्चीवरनं दिसतील."

यजमान गेले त्याच पंधरवड्यात ती लाइन सुरू झाली होती. म्हणजे भोंग्या रोज नव्या लायनीवरून माझ्या रिकाम्या गच्चीकडे बघत निशाण हलवत गेला, आणि मी खाली रिकाम्या रुळाकडे बघत उभी. कुठल्या रुळावरून कुठली गाडी जाते हे झोपेत सांगणारी आम्ही दोघे! ताईला लाइन बदललेली कळली नसेल, हे त्याच्या मनातसुद्धा येईना. इतर कोणी असती तर त्याने येऊन सांगितले असते. माझ्यावर त्याचा विश्वास होता, त्यानेच घात केला. आणि मला त्या दिवसांत कशाचाच आवाज कळत नव्हता, हे त्याला कोण सांगणार?

मुलीबरोबर मी हे सगळे कळवले. त्याने निरोप दिला, "आता काय उपयोग." माझा फोन तो उचलत नाही.

उपयोग आहे. खोली आहे. चुना लावून घेतला आहे, पंखा चालतो, पाणी सकाळी येते.

माझ्या मुलाचे म्हणणे वेगळे. तो म्हणाला, "आई, मामा येऊन बसला तर घर विकायचं कसं?"

मी म्हटले, "मी गेल्यावर थांब, तो गेल्यावर विक. घराला कुठं चाकं आहेत?"

"आणि तो आलाच नाही तर?"

तेही खरेच. म्हणून असे ठरवले आहे. भावाने खोली नको असे कळवले, किंवा या महिन्याअखेर काहीच कळवले नाही, तर कलम ४ रद्द समजावे, खोली मुलगा आणि मुलगी यांची व्हावी, आणि भावाच्या नावाने कोणीही काही वेडेवाकडे बोलू नये. मुलाने हे मान्य केले आहे. माझा मुलगा वाईट नाही, घाईचा आहे.

कलम ५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलीने करावी. ती कोणाला घाबरत नाही.

वरील मजकूर मी दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला आणि सही केली. त्यांनी एकमेकांसमोर आणि माझ्यासमोर सह्या केल्या. बिस्किटे संपली.

सही : (लिहून ठेवणारी)

साक्षीदार १ : शेजारच्या शिंपीणबाई. सही.
साक्षीदार २ : निवृत्त कंपाउंडर, समोरचा जिना. सही. चष्मा विसरल्यामुळे शिंपीणबाईंचा लावून केली.

ठिकाण : राहते घर, मागची खोली
दिनांक : ८ नोव्हेंबर, शनिवार

एक प्रत भावास रजिस्टर टपालाने.

भोंग्या, ही प्रत तुझी. वकिली भाषा सोडून दे, चौथे कलम तेवढे वाच. मी रागावलेली नाही, आणि तुझा राग गेला नसेल तर तो घेऊन ये, खोलीत मावेल. मात्र माझ्या मागे येऊन रिकाम्या घरात राहशील तर त्यात मला काय? डॉक्टर फार दिवस सांगत नाहीत. यायचे असेल तर कधी येतोस ते लिही. यायचे नसेल तर नाही म्हणून लिही, मी वाईट वाटून घेणार नाही. पण या वेळी गप्प राहू नकोस. पाकीट तिकीट लावून, पत्ता घालून सोबत ठेवले आहे. उलट टपाली कळव.

तुझी ताई