चूक तळघराची नव्हती

प्रिय यामिनी,

‘प्रिय’ लिहिताना पेन जरा अडलं, पण बावीस वर्षांची सवय आहे, राहू दे. तू माझे फोन उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा पाठवतेस. अंगठ्याशी भांडता येत नाही, म्हणून कागद घेतला. शांतपणे लिहायचं असं मनाशी ठरवलंय, जमेल असं वाटत नाही.

सप्टेंबरात रवीभाईंच्या दुकानात वाईनचं टेस्टिंग होतं, तिथूनच सुरुवात करते, कारण तिथे जे झालं ते मी तुला नीट सांगितलेलंच नाही. दहा-बारा गिऱ्हाइकं जमलेली. मी नेहमीसारखी आन्टोनची गोष्ट सांगत होते: जर्मनीतल्या मोझेल नदीच्या काठचा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, घराच्या छपरासारखा उतार, दोर धरून द्राक्षवेलींपर्यंत चढायचं. बोलता बोलता बाटलीवरचं आवरण काढलं तर बूच वर आलेलं आणि मानेवर चिकट ओघळ. तरी ओतली. उकडलेल्या सफरचंदाचा वास आला. आन्टोनच्या रीसलिंग वाईनला तो वास कधी नव्हता, तुलाही ठाऊक आहे. दुसरी बाटली उघडली, तिसरी उघडली, तेच. एक गृहस्थ म्हणाले, “नाइस, व्हेरी स्मूद.” मी हसून मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला अजून लाज वाटते.

त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला. तू म्हणालीस, “अगं, इथे कोणाला कळतंय? लोकांना लेबल हवं असतं.” यामिनी, हे तू म्हणालीस. बाटली थरथरली तरी चव बिघडते म्हणून जी गाडी ताशी चाळीस मैलांच्या वर नेत नव्हती, ती तू.

आपला हा धंदा काय आहे ते मला तुला समजवावं लागतंय, याचाच संताप येतो. अमेरिकेतला कायदा असा की आन्टोन स्वतःची एक बाटलीसुद्धा इथल्या पार्सिपनीच्या गिऱ्हाइकाला थेट विकू शकत नाही. आधी आपण आणायची, मग डिस्ट्रिब्युटरने उचलायची, मग दुकानात जायची. पिणाऱ्याला आन्टोन दिसत नाही आणि आन्टोनला पिणारा दिसत नाही. मध्ये आपण. म्हणून तर जाणती गिऱ्हाइकं बाटली उलटी करून मागची पट्टी वाचतात, ही आणली कुणी. पुढची फ्रेंच-जर्मन नावं त्यांना उच्चारता येत नाहीत. आपली दोघींची नावंही येत नाहीत म्हणा, पण ती ओळखता येतात. त्या पट्टीवर आपण दोघी आहोत. वाईन गोड की आंबट ते आन्टोनने ठरवायचं, ती त्याने भरली तशीच पोचवायची एवढंच आपलं काम. एवढंच, आणि तेवढंही झालं नाही.

आठवतं का, पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याने आपल्याला अर्धा तास दारातच उभं केलं होतं? साडी-दागिन्यांच्या देशातल्या दोन बायका, न्यू जर्सीहून वाईन घ्यायला आल्यात, त्याचा विश्वासच बसेना. तू पुण्यात जर्मनच्या परीक्षा दिलेल्या. तुझं ते व्याकरणशुद्ध, पुस्तकी जर्मन ऐकून तो खो खो हसला आणि आत घेतलं. मला एकही शब्द कळत नव्हता. मी आपली पर्समधली शेंगदाण्याची चटणी काढून त्याच्या पावावर पसरली. माणूस लालबुंद झाला, पेला रिकामा केला, पुन्हा चटणी मागितली. मग खडू घेऊन एका पिंपावर आपल्या नावांची आद्याक्षरं लिहिली. तेव्हापासून दर वसंतात आपण जायचं, पिंपापिंपातून चाखायचं आणि ज्यावर तो खडू टेकवेल ते आपलं. कागद नाही, सही नाही. इथे येऊन आपण ओक ट्री रोडवरच्या एकेका देशी हॉटेलात एका हातात ती बाटली आणि दुसऱ्या हातात बटाटेवड्यांचा डबा घेऊन फिरलो. मालक म्हणायचे, हमारे यहाँ बीअर चलती है, मॅडम. वडा खाल्ला, घोट घेतला, की एक पेटी ठेवून घ्यायचे. ते दिवस तू विसरलीस असं मला वाटत नाही, म्हणूनच जास्त राग येतो.

आता जुलैचं. नवं आयातशुल्क लागू व्हायच्या आत माल जहाजावर चढवायची सगळ्यांचीच घाई होती, ते मला मान्य आहे. थंड कंटेनर, म्हणजे रीफर, कुणालाच मिळत नव्हते, तेही मान्य. मी तेव्हा माझ्या प्रीताच्या बाळंतपणासाठी तिच्याकडे कॅरीला होते. फोनवर विचारलं, रीफर मिळाला का? तू म्हणालीस, “होईल गं मॅनेज, यू जस्ट रिलॅक्स.” मी नातवाच्या तोंडाकडे पाहिलं आणि रिलॅक्स झाले. दुसऱ्यांदा विचारलं नाही. तेवढी चूक माझी, ती मी पदरात घेते. पण साध्या पत्र्याच्या डब्यात, भर उन्हाळ्यात, समुद्रावर आणि मग बंदराच्या उन्हात आन्टोनची वाईन तीन आठवडे शिजली, हे तुला माहीत होतं. लुआर नदीच्या काठच्या, आपल्याला वाईन देणाऱ्या त्या फ्रेंच बाईने हेच ऐकलं तेव्हा ठाम सांगितलं, थंड डबा मिळेपर्यंत माझी पेटी हलणार नाही. तिचा माल अजून तिच्याच तळघरात सुखरूप आहे. आपल्यालाही थांबता आलं असतं. शुल्क भरून महाग विकली असती, थोडी कमी खपली असती. कुणी मेलं नसतं.

इथवर घाई म्हणून मी सोडूनही दिलं असतं. माणूस घाईत चुकतो. पण दुकानांतून तक्रारी आल्या, डिस्ट्रिब्युटरने जाब विचारला, आणि तू उत्तर दिलंस की ‘उत्पादकाच्या तळघरात काही दोष राहिलेला दिसतो’. ती मेल तू आन्टोनलाही पाठवलीस. मला नाही पाठवलीस. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. चार हजार मैलांवरचा म्हातारा इथे येऊन स्वतःची बाजू मांडणार नाही, हे ओळखूनच तू हात झटकलेस. आणि रवीभाई परवा मला काय म्हणाले सांगू? “जाने दो, प्रतिमाबेन, बुढ्ढा हो गया होगा.” मी मूग गिळून उभी राहिले, कारण खरं सांगितलं तर आपली पट्टी जाते. आपली पट्टी वाचवायला आपण त्याचं नाव विकलं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. मंगळवारी मी ऑफिसात तुझ्या टेबलावर लेबलांची फाइल शोधत होते. तिच्यात आन्टोनचं पत्र सापडलं. हाताने लिहिलेलं, तीन आठवड्यांपूर्वी आलेलं, उघडलेलं. मला जर्मन येत नाही, म्हणून फोनमधलं भाषांतराचं अ‍ॅप त्यावर धरून वाचलं. त्याने आपली माफी मागितली आहे. लिहिलंय की बाटल्या भरताना त्याला काहीच जाणवलं नव्हतं, म्हणजे वयामुळे नाकच गेलं असणार, आणि हे आता त्याच्या स्वतःच्या लक्षात येत नाही याचीच त्याला भीती वाटते. सगळ्या पेट्या बदलून द्यायला तो तयार आहे. आणि यापुढे लोकांना वाईट वाईन पाजायची नाही म्हणून येत्या सोमवारी माणसं बोलावली आहेत, उतारावरच्या वेली उपटायला. त्याच्या आजोबांनी लावलेल्या. तू हे वाचून फाइलीत ठेवलंस. मी दोनदा फोन केला त्याला, पण जर्मनचं एकही वाक्य मला जुळवता येत नाही, आणि तो बिचारा ‘यामिनी?’ एवढंच विचारत राहतो. शुक्रवारी सकाळचं फ्रँकफर्टचं विमान आहे. दोन तिकिटं काढली आहेत, एक तुझ्या नावाचं. त्याच्या तळघरातल्या बाटल्या आणि इथल्या बाटल्या त्याच्यासमोर शेजारी शेजारी उघडायच्या आहेत, म्हणजे त्याचं नाक शाबूत आहे हे त्याचं त्यालाच कळेल. पण वाईन कुणी बिघडवली हे बाटली सांगत नाही, ते त्याला त्याच्या भाषेत सांगावं लागेल. आलीस तर तू सांग. नाही आलीस तर मी कागदावर लिहून नेते आहे, आणि त्या कागदावर नावं दोघींची आहेत.

अजूनही तुझीच,
प्रतिमा