बुलबुलीचं बाळंतपण

३ एप्रिल
सासूबाईंच्या डोळ्याची पट्टी सुटली. मोतीबिंदूनंतरचा महिना माझ्याकडे, असं ठरलंय. गावाहून, वैशाखऱ्याहून, त्यांचं गाठोडं मीच आणलं. आणि पट्टी सुटल्यावर पहिली नजर कुठं? शेजारी, धाकट्या जावेच्या गॅलरीत. सविताच्या मनीप्लँटात बुलबुल काड्या आणतोय.

६ एप्रिल
गेल्या सासूबाई सविताकडं. अंथरुणासकट. "तिथनं नीट दिसतंय गो." माझ्या घरातनं काय अंधार दिसतो? हे म्हणाले, पाखरावर कसला राग धरतेस. धरते.

११ एप्रिल
तीन अंडी. मुरबाडात जणू पहिलीच. सविताकडं मिक्सर बंद, मिरचीची फोडणी बंद, कपडे माझ्या दोरीवर. आईंचा हुकूम, बाळंतीण आहे. म्हटलं, पिल्लं तरी निघू द्या. तर म्हणे, पोटातनं बाहेर आलं ना, मग बाळंतीणच.

१५ एप्रिल
मीपण कुंडी टांगली. पाणी, मूठभर तांदूळ. आली कबुतरं! सविताच्या चादरींवर घाण केली. मेलं मला वाईटसुद्धा वाटलं नाय.

२४ एप्रिल
पिल्लं निघाली. सविताच्या तोंडावर तेज असं, की हिनंच जन्म दिला.

२८ एप्रिल
पिल्लांची पाचवी! पाटा-वरवंटा मांडून, हळदकुंकू, दिवा. सटवाई येऊन नशीब लिहिते म्हणे, बुलबुलाचंही. प्रसादाला बोलावलं. गेले, आणि तोंडातनं सुटलंच.
"आई, माझ्या केतनच्या पाचवीला नाय आलात तुमी. भक्तीच्या पण नाय."
सविता आत गेली. आईंनी दिव्याची वात सारखी केली.
"लावणी होती गो."
केतनला लावणी, भक्तीला कापणी. बुलबुली शहाणी, चैत्रात व्याली.

२९ एप्रिल
सकाळी दारात आई. वाटीत कोमट तेल. बस खाली म्हणाल्या. म्हटलं आता कशाला, केतन कॉलेजात जातो. "बस म्हटलं ना." बाळंतिणीची भरतात तशी टाळू भरायला लागल्या. हात खरबरीत, पण जोर काय! माझे डोळे गळायला लागले. राग पण येत होता, इतक्या वर्षांनी...
तेवढ्यात बुलबुली ओरडली. कावळा असणार. आई उठल्या, तेलकट हातांनीच पळाल्या तिकडं. मी तशीच बसून, तेल कानामागं ओघळतंय.
परत आल्या नाहीत. पिल्लं वाचली.

६ मे
उडाली एकदाची. मनात म्हटलं, आता येतील. घरातली पलीकडची खोली झाडून ठेवली. अंथरूण काही आलं नाय.

९ मे
संध्याकाळी कपडे काढत होते. आई सविताच्या गॅलरीतनं, लहान पोरीसारख्या खूश. बुलबुली परत काडी घेऊन आली म्हणे.
म्हटलं, "आई, माझी टाळू अर्धीच राहिलीय."
मोठ्यानं म्हटलं. सविताच्या स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. आई काडीकडं बघायचं सोडून माझ्याकडं बघत राहिल्या. मी आत आले.
जेवणं झाली. अजून दार वाजलं नाय.