हंगेरियनच्या वर्गात पहिली

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (मांडीवर वही असल्यामुळे जमेल तेवढीच वाकले आहे, बाकीचं तुम्ही समजून घ्या.) पाठ कशी आहे? बाइंडिंगच्या टेबलाची उंची वाढवा असं मामी चार वर्षं सांगते आहे आणि तुम्ही टेबल सोडून घरातलं सगळं दुरुस्त करता, असं आईकडून कळलं. आम्ही मजेत. मी तर जरा जास्तच, कारण परदेशी भाषेच्या पहिल्याच परीक्षेत तुमची भाची वर्गात पहिली आली आहे. हे वाक्य पुन्हा वाचलंत तरी चालेल.

या शाळेत पहिलं येणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. (तुमचा इथला प्रवेश दोन मार्कांनी हुकला, ती गोष्ट मी दर सुट्टीत ऐकली आहे.) इथे प्रत्येक जण आपापल्या जुन्या शाळेत पहिला होता, त्यामुळे चाळिसांत माझा नंबर अडतिसावा लागला. माझ्या मागचे दोघं परीक्षेला आजारी होते. यादीत स्वतःला शोधताना मी खालूनच वाचायला सुरुवात करते, वेळ वाचतो. एकदा तरी वरून वाचायला मिळावं, एवढीच माझी इच्छा होती आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती.

भाषा निवडायची म्हटल्यावर बाबांनी तो विषय चष्म्याच्या दुकानात नेला. गिऱ्हाइकाला तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला लावायची आणि लगेच विचारायचं, फ्रेंच की जर्मन? ज्यांना ओळ दिसत नव्हती त्यांनाही मत होतं. दातांच्या एका डॉक्टरांनी जर्मन सुचवलं आणि जाता जाता बाबांची दाढ बघून ठेवली. आईचं म्हणणं, जपानी घे, अक्षर तरी सुधारेल. आठवड्याभरात घरात तीन पक्ष पडले आणि मी एकाही पक्षात नव्हते.

निवडीच्या दिवशी हॉलमध्ये नंबराप्रमाणे नावं पुकारली. समोर हेडक्लार्क. (त्यांना आम्ही शिक्का म्हणतो, कारण ते आधी शिक्का मारतात आणि मग ऐकून घेतात.) माझी पाळी येईपर्यंत फ्रेंच भरलं, जर्मन भरलं, जपानीत तीन जागा उरल्या. पण जपानीतही चौथीपासून शिकवणी लावलेली मंडळी, म्हणजे तिथेही मी तळालाच. मी विचारलं, जिची शिकवणी कोणीच लावलेली नाही अशी एखादी भाषा आहे का? शिक्क्यांनी आजारी नातेवाइकाबद्दल बोलावं तसा आवाज खाली आणला. "हंगेरियन आहे." मी म्हटलं, द्या. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी शिक्का मारायच्या आधी समोरच्याकडे पाहिलं.

वर्ग जिन्याखालच्या खोलीत भरतो. सर भर उकाड्यातही कोट घालतात आणि पहिल्या दिवशी त्यांनी हजेरी दोनदा घेतली. शिकवतात मात्र जीव तोडून. महिन्याने परीक्षा झाली, मला पंचविसांपैकी एकोणीस मिळाले आणि निकाल फळ्यावर लागला. मामा, मी वरून वाचला. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी त्या निकालाची नक्कल करून दुकानातल्या तक्त्याखाली चिकटवली आहे, त्यामुळे हल्ली निम्मं गाव माझं नाव वाचून नंबर काढून घेतं.

मामीला नमस्कार.

यादीत वरून पहिली असलेली,
तुमची भाची

ता. क. आईला सांगू नका, पण वर्गात मी एकटीच आहे. म्हणजे शेवटचीही मीच आले. सरांनी तेवढं फळ्यावर लिहिलं नाही, माणूस चांगला आहे.

आणखी एक ता. क. वर्गाला किमान दोघं लागतात, नाहीतर महिनाअखेर तो बंद. मग सर ग्रंथालयात पुस्तकांची धूळ झटकणार आणि मी जपानीच्या तळाला. म्हणून मी नियमांची अख्खी पुस्तिका वाचून काढली. शनिवारच्या वर्गाला बाहेरच्यांनाही बसता येतं आणि वयाबद्दल तिच्यात अक्षर नाही. तुमचा कारखाना शनिवारी एक वाजताच बंद होतो ना?

शेवटचा ता. क. मी तुमचं नाव दिलं. शिक्क्यांनी वय विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत शिक्का मारला. हजेरीचं रजिस्टर तुम्हीच बांधलेलं आहे, कडेला तुमची निळी पट्टी आहे. त्यात दुसऱ्या ओळीवर तुम्ही आहात. शनिवारी तीनला या. रजिस्टरांचे गठ्ठे घेऊन येता त्या मागच्या दाराने येऊ नका, मी पुढच्या दारात उभी असेन.