मळ्याकडची वाट

रविवार, ८ फेब्रुवारी

माफ कर, दिवाळीपासून पान उघडलं नाही. सबबी सांगता येतील, पण खरं एवढंच की लिहायला बसले नाही.

कॉलेजात इतकी वर्षं भूगोल शिकवते, गावाने त्याचा उपयोग आत्ता पहिल्यांदा मागितला. मळ्यांतल्या घरांच्या वाटा फोनच्या नकाशावर आणायच्या. पलूसहून निघालेली रुग्णवाहिका इथे येऊन उसात चुकते — मग घरचं कुणीतरी मोटरसायकलवर हमरस्त्याला जाऊन उभं राहतं.

आज चिंचेच्या मळ्यात गेले. मंगलकाकूंच्या सुनेला, अंकिताला, नववा लागलाय. रक्तदाब वाढतो. त्रास झाला की लगेच दवाखाना, असं डॉक्टरांनी बजावलंय. काकू म्हणाल्या, "बाई, आमचं घर आधी घाला त्यात." घातलं. आकारामभाऊजींच्या रानातून मळ्यात गाडीवाट जाते, ती चालत जाऊन नोंदवली.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

ग्रामपंचायतीत नकाशा पडद्यावर दाखवला. लोक आपापली घरं शोधत होते. आकारामभाऊजी मागे उभे.

"वैनी, ही रेघ माझ्या रानातनं गेलीया न्हवं? आज रेघ, उद्या वहिवाट. परवा तहसीलदार म्हणंल, रस्ता सोड."

मी म्हटलं, भाऊजी, हा काही सरकारी नकाशा नाही.

"फोनात दिसतंय ते लोकं सरकारीच मानत्यात."

हशा पिकला. मीही हसले. तिथेच थांबून ऐकायला हवं होतं.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

भाऊजींनी जेसीबी आणून वाटेवर चर मारला.

आजवर त्यांनी कुणाला अडवलं नव्हतं! मळ्यातली माणसं त्यांच्या वडिलांच्या काळापासून तिथून जातात. हक्क नव्हता, मनाईही नव्हती — आणि त्यावर सगळं सुरळीत चाललं होतं. मी रेघ ओढली आणि त्यांना काहीतरी एक ठरवायला लावलं. विचारायला हवं होतं. सुचलंसुद्धा नाही.

जेवताना यांना सांगितलं. हे म्हणाले, "आकाराम चुकला कुठं? माझ्या रानात रेघ मारली असतीस तर मीबी चर मारला असता." आणि भाकरी मागितली.

शनिवार, २१ फेब्रुवारी

भाऊजींच्या घरी गेले. रेघ त्यांच्यासमोर पुसली. भाऊजींच्या पत्नी आक्काताईंनी चहा दिला. भाऊजी म्हणाले, "तुमी पुसली, दुसरा कोणतरी वढंल. चर हाय तसा राहू दे."

म्हणजे आता वाट नकाशावर नाही आणि रानातही नाही.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

अंकिताच्या पायांना सूज. पलूसला खोली घेऊन राहा म्हटलं, तर काकू म्हणाल्या, "म्हशी कोण बघंल?"

गुरुवार, ५ मार्च

मुलगी झाली. दोघी सुखरूप.

कॉलेज सुटल्यावर कळलं, तशीच दवाखान्यात गेले. दुपारी अंकिताला चक्कर आली, फोन केला, गाडी दारापर्यंत आली म्हणे. मी विचारलं, आली कुठून? चर तर तसाच आहे.

मंगलकाकू म्हणाल्या, "आवं बाई, तुमच्या बांधावरनं. दुसरी वाट हाय कुठं? रानात पाणी चालू हुतं, ते बंद करून तुमचा नाथाजी गाडीच्या फुडं चालत आला. डायवरला म्हणाला, माझ्या पावलावर घाल."

यांनी कुणाला एका शब्दाने सांगितलं नव्हतं. मी घरी आले तर हे पायाचा चिखल धूत होते.

आमच्या बांधावरूनही मळ्यात वाट जाते हे मला ठाऊक होतं; चर पडल्यावर आठवलंच नाही. भाऊजींची वाट नोंदवताना हिच्याबद्दल मात्र वाटलं होतं, ही घरचीच, यांना विचारल्याशिवाय कशी घालायची?

उद्या: आकारामभाऊजींकडे हे कबूल करायचं.