तेवीस नंबरचा बिल्ला

सोम. ८ जून
डॉक्टर आज नांदुऱ्याहून आले, गुरुवार नसताना. तेव्हाच ओळखलं, काहीतरी मागायला आलेत. क्विनाईन महागलं, बाटल्या महागल्या, बंडीवाला भाडं वाढवून मागतो. दवाभिशी घरटी चार आणे महिना आहे ती सहा करा, नाहीतर दर गुरुवारी येणं परवडत नाही. चहा घेतला, भजी खाल्ली, गेले.

सात वर्षं चालवतोय ही भिशी. रेल्वेत तारबाबू होतो तेव्हा तिथला दवाखाना पाहिला, त्यावरून सुचलं. गावातली अठ्ठेचाळीस घरं. प्रत्येकाला नंबर ठोकलेला पितळी बिल्ला. बिल्ला दाखवा, औषध घ्या. एक नंबर माझा. पार चिखलीपर्यंत लोक नावाजतात. खोटं कशाला लिहू, ऐकायला गोड लागतं.

रवि. १४ जून
भिशीचे पंच बसले. सरसकट सहा आण्यांना दादासाहेब देशमुख तयार नाहीत. "आमच्या घरचा मानूस वर्षातून एकडाव जाते डॉक्टरकडं. अन् तो नूर पिंजारी दर गुरवारी बाटली घेऊन उभा. खोकला त्याचा, पैसा आमचा?" बाकीच्यांनी माना हलवल्या.

ठरलं ते असं: निरोगी घराला पाच आणे, जुनं दुखणं असलेल्या घराला दहा. मसुदा मीच केला. शेवटचं कलम माझ्या डोक्यातलं: दोन महिने चुकले की बिल्ला परत, आणि एकाचा बिल्ला दुसऱ्याने वापरायचा नाही. तारखात्यातली सवय, पळवाट ठेवायची नाही.

जुन्या दुखण्यांची दहा नावं. नूरचं पहिलं. एका पाटीवर अक्षरं गिरवली आम्ही. दुसरीत शाळा सोडून तो बापाच्या पिंजणीला लागला. तेव्हापासून लोकांच्या गाद्यांची धूळ छातीत घेतोय, खोकणार नाहीतर काय. हे पंचांत बोलायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. दादासाहेबांनी पानाचा डबा पुढे केला आणि राहिलं.

गुरु. २५ जून
डॉ.चा दिवस. धर्मशाळेच्या दारात नेहमीप्रमाणे मी बिल्ले बघायला. नूरने दहा आणे दिले, बिल्ला दाखवला, आत गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. जाताना एवढंच, "गोइंदा, अक्षर तुहं अजून तसंच सुंदर हाय बे." नियमांचा कागद चावडीच्या भिंतीवर लावलाय. त्याला वाचता येतं हे मी विसरलोच होतो.

सोम. ६ जुलै
डिस्ट्रिक्ट कौन्सिलचे मेंबर आले. चावडीवर सभा, गाव लोटलं. कौन्सिल या भागात एक सरकारी दवाखाना काढणार. डॉक्टर रोजचा, औषध फुकट. गावाने जागा द्यायची, खर्चासाठी पट्टी बसेल. मग मला बोलायचा आग्रह.

उभा राहिलो. "सरकारी दवाखान्यात एकाच बाटलीतलं लाल पाणी, तापालाही तेच अन् पोटदुखीलाही तेच. डॉक्टर आज आहे, उद्या बदली. फुकटचं औषध म्हणजे अंगारा. आणि पट्टी एकदा बसली की उठत नाही. आपली भिशी आपल्या हातात आहे, ती का सोडायची?" टाळ्याच टाळ्या. दवाखाना नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा म्हटलं. पहिला हात नूरचा.

मेंबर कागद गुंडाळून निघून गेले. आज बोलणं चांगलं जमलं.

मंगळ. ७ जुलै
सौ. वाढता वाढता म्हणाली, "बोलले तं तुमी झ्याकच. पन नूरभाऊ दहा आने भरते, त्याले फुकट भेटत होतं. त्याचा हात कोनं वर केला?"
म्हटलं, त्याचा त्याने.
"हाव. तुमच्याकडं पाहून."
पुढची भाकरी तशीच ठेवून उठलो.

संध्याकाळी विहिरीवर नूर भेटला. विचारलं, काऊन रे हात वर केला? हसला. "तू बोलून राह्यला होता ना. मले त्यातलं काय समजते? तुहा इतका जीव त्या भिशीत. म्या हात खाली ठेवला असता तं कसं दिसलं असतं?"

बुध. १९ ऑगस्ट
पोळा झाला. आज नूरची सून आली. पदराच्या गाठीत बांधून तेवीस नंबरचा बिल्ला आणला होता. चिंच लावून घासलेला, लख्ख. "अब्बानं सांगतलं, आता मले काही आजार नाही म्हना." पावसाळ्यात पिंजणीला काम नसतं. जुलैचे दहा आणे चुकले, ऑगस्टचेही. हे मला ठाऊक होतं.

बिल्ला घेतला. पेटीत टाकला. नियम सर्वांना सारखा.

पोरगी दारात जरा वेळ उभी राहिली. काही बोलेन असं वाटलं असेल तिला.

गुरु. १० सप्टें.
घरोघर हिवताप. लागोपाठ दुसऱ्या गुरुवारी डॉ. नाहीत. निरोप आला, नांदुऱ्यातच रोग्यांची रांग लागलीय. अकरा घरांनी बिल्ले टाकले. उरलेल्यांवर बोजा, म्हणून दादासाहेब म्हणतात आठ आणे करा. आठ केले की आणखी दहा घरं जाणार, मग बारा करायचे? शेवटी दादासाहेब आणि मी, दोघंच राहू, एकमेकांना औषध पाजत.

हे सगळं कळत होतं. तरी आठ आण्यांवर सही करून आलो. सात वर्षं ज्याला आपलं म्हटलं ते मोडलं असं स्वतःच्या तोंडाने कसं म्हणायचं?

रवि. ११ ऑक्टो.
सरकारी दवाखाना पाच कोसांवरच्या गावाला मिळाला. तिथल्या पाटलाने दुसऱ्याच दिवशी जागा लिहून दिली म्हणे. बरं, दिला तर दिला. पण पटवारी सांगत होता, पट्टी साऱ्या तालुक्यावर बसणार. आपल्यावरही.

म्हटलं, असं कसं? आपण तर नको म्हटलं.
"बाबू, मेंबरसायबानं तवाच सांगतलं होतं. पट्टी समद्याले, दवाखाना मांगन त्याले."

सांगितलं असेल. मी ऐकलं नाही. ते बोलत होते तेव्हा मी मनात माझं भाषण जुळवत होतो. चाळीस वर्षं तारेच्या कट-कट-कटमधून एक अक्षर सुटलं नाही माझ्या हातून, आणि समोर बसून बोलणाऱ्या माणसाचं एवढं मोठं वाक्य सुटलं. पटवारी गालात हसत होता.

बुध. १८ नोव्हें.
दिवाळीनंतर आमच्या गाद्या नूर पिंजतो, बापाच्या वेळेपासूनची रीत. बोलावलं नव्हतं. कोणत्या तोंडाने बोलावणार? आपणच आला, पिंजण खांद्यावर. रमजान लागलाय, रोजा धरलेला. ओसरीत दोन गाद्या उसवल्या. पहिली झाली. दुसरी अर्धी झाली आणि खोकला सुटला तो थांबेना. पिंजण खाली ठेवली, भिंतीला पाठ लावली. सौ. पाणी घेऊन धावली, तर हातानेच नको.

म्हटलं, आजाऱ्याला रोजा माफ असतो ना तुमच्यात?
"आजारी कोन हाय? म्या कळवलं ना तुले, आजार नाही म्हनून."
उद्या येतो म्हणून गेला. पिंजण इथेच ठेवून गेला. असं कधी करत नाही तो.

रवि. २२ नोव्हें.
आला नाही. अर्धा पिंजलेला कापूस ओसरीत पडून. सौ. रोज त्याच्याकडे बघते आणि मग माझ्याकडे.

शेवटी गेलो. माझा एक नंबरचा बिल्ला खिशात घेऊन. गोधडीत बसला होता. म्हटलं, गुरुवारी हा घेऊन जा, कोण विचारतंय.
बिल्ला हातात घेऊन उलटा-पालटा केला. "हा तं तुहा हाय."
म्हटलं, मग काय झालं?
"एकाचा दुसऱ्यानं वापरायचा नाही. तूनंच लेहेलं ना बे. चावडीवर वाचलं म्या."

रागाने बोलला असता तर भांडलो असतो. अगदी साधं बोलला. मग म्हटलं, तुझाच तेवीस नंबर परत देतो.
"फुकट? अन् बाकीच्या घराइले काय सांगशीन?"
चहाही न घेता उठलो.

गुरु. २६ नोव्हें.
आज दारात बसलोच नाही. डॉ. आले तसे त्यांना थेट नूरच्या घरी नेलं. नूर नको नको म्हणत राहिला, डॉ.नी ऐकलं नाही. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. बाहेर येऊन म्हणाले, पावसाळ्यातच दाखवायला हवं होतं. आता माझ्याच्याने होणार नाही, बुलढाण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या. "मी विचारतही होतो नूर दिसत नाही म्हणून. कोणीतरी म्हणालं, बरा झाला."
म्हटलं, त्याच्याकडे बिल्ला नव्हता.
"मी कधी कोणाचा बिल्ला बघितलाय, तारबाबू? दारात तुम्ही बघता. माझ्यासमोर आलेल्या माणसाला मी तसा परत पाठवत नाही."

हे मला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नाही. नूरलाही माहीत नव्हतं. तो कागद वाचून घरी बसला.

फार वाईट वाटतं आहे. दुसरं काही लिहवत नाही.

रवि. ६ डिसें.
मीच सभा बोलावली. पटवारी म्हणतो तीस घरांचा अर्ज गेला तर त्या दवाखान्याचा डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस इकडे पाठवतील. हे सांगितलं. जुलैत मी चुकीचं बोललो, तेही सांगितलं.

मग किसन माळी म्हणाला, "पन बाबू, तिथं एकाच बाटलीतलं लाल पानी देतात ना?" मागून कोणी, "फुकटचं औषध म्हंजे अंगारा." आणखी एक, "पट्टी एकडाव बसली का उठत नाही." शब्द न् शब्द माझा. तारेने पाठवला असता तरी इतका नीट पोचला नसता.

म्हटलं, अरे पट्टी बसलीच आहे! आणि तेव्हा मी चुकलो होतो! तर हसले. त्यांना वाटलं मोठ्या माणसाचा विनय. किसन म्हणाला, "तुमी कायचे चुकता, बाबू." दादासाहेबांना बोलायची गरजच पडली नाही.

परतताना चावडीवरचा नियमांचा कागद काढून घेतला. खळीने घट्ट बसला होता, निम्मा भिंतीलाच राहिला.

गुरु. १० डिसें.
अर्ज घेऊन घरोघर हिंडतोय. पायऱ्या चढायच्या, तेच ऐकायचं, तेच खोडायचं. दुपारपर्यंत एकोणीस नावं. मग नूरकडे.

अर्ज वाचून दाखवला. शाईची गादी पुढे केली तर म्हणाला, "आंगठा कायले? दुसरीपावतर आलो होतो ना तुह्यासंग." टाक घेतला. नूर, एवढंच लिहायला किती वेळ लागला. मग टाक माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "तवा तू बोलला, म्या हात वर केला. आता तू म्हनतं सही दे, दिली. एक सांग गोइंदा, या खेपेले तरी तुले पक्कं मालूम हाय ना?"

म्हटलं, नाही रे. पक्कं नाही मालूम.

"मंग ठीक हाय," म्हणाला. "तवा लयच पक्कं होतं तुले."

बुध. १६ डिसें.
ईद. सुनेने शिरखुर्मा पाठवला, नेहमीसारखा, वाटी जरा लहान. अर्ज काल टपालात टाकला. तीस भरली. तिसावं नाव किसन माळ्याचं. पटलं म्हणून नाही, माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुमी म्हनता तं लेहा." लिहिलं. हेही नूरच्या हातासारखंच झालं. पण लिहिलं.

नूर बुलढाण्याला जायला कबूल झाला. ईद होऊ दे म्हणत होता, झाली.

सोम. २१ डिसें.
सकाळी नूरला नेलं. मोताळ्यापर्यंत बंडी, पुढे मोटार, घाट चढायचा. मुलगा आणि सून बरोबर. मी निघालो तर नको म्हणाला. बंडीत कडबा, वर आमचीच पिंजून झालेली गादी घातली सौ.ने.

बंडी हलायच्या आधी मला जवळ बोलावलं. "माहा बिल्ला दे."
म्हटलं, तिथे नाही लागत तो. तो सरकारी दवाखाना आहे.
"मालूम हाय. फुकट लाल पानी देतीन." हसला, आणि त्या हसण्याचाच खोकला झाला. थांबल्यावर म्हणाला, "तिथं दाखवाले नाही मांगत. वापस आलो का तुले दाखवीन. दारात बसून राह्यजो."

धावत घरी आलो. पेटी उघडली. तेवीस नंबर तळाशी गेला होता, सगळी पेटी पालथी केली. परतलो तोवर बंडी वेशीपर्यंत पोचली होती. धावत गाठली. त्याच्या मुठीत दिला. त्याने रुमालात बांधला.

कौन्सिलचं उत्तर नाही. सौ. म्हणते, मोताळ्याचा पिंजारी बोलावू, निदान ओसरी मोकळी होईल. राहू दे म्हटलं. कापसावर चादर टाकून ठेवली आहे, पिंजण खुंटीला.